काँसर्टिना, अठ्ठावीस बटणं: प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडलेली काँसर्टिना (दोन हातांत धरून वाजवायचं भात्याचं वाद्य) आज खाली काढली. चोरबाजारात घेतलेली. षट्कोनी, वीस बटणांची, पुठ्ठ्याचा भाता तीन ठिकाणी फाटलेला. चिकटपट्टी लावून फुंकर घालण्याइतपत केली आणि भूप राग वाजवायला बसलो.

ही अँग्लो पद्धतीची. माउथ ऑर्गनसारखं एकाच बटणात दोन स्वर: भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. पांढरी एक (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी) सा धरली तर मधल्या सप्तकात सा ग प दाबताना येतात, रे म ध नि ओढताना. १८३४ मध्ये केम्निट्झच्या कार्ल फ्रीडरिक उलिगने ही दाब-ओढ आणली. तिकडच्या नाचाच्या गतींना ती शोभतही असेल, कारण हाताच्या प्रत्येक झटक्याबरोबर ठेका मिळतो. भूपाला नाही शोभत. सा रे ग एवढ्यात भात्याची दिशा दोनदा फिरते, आणि धैवतावर जरा थांबावं तर श्वास संपलेला. कोमल स्वर तर एकही नाही. पांढरी एकमध्ये जादाचा म्हणून फक्त तीव्र म.

म्हणजे आपल्या रागांसाठी स्वतःची काँसर्टिना करायची तर पहिली अट ठरली. दाबा की ओढा, बटण एकच स्वर देणार. त्यासाठी दर बटणाला दोन रीड (हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा), एक आत जाणाऱ्या हवेचं, एक बाहेर जाणाऱ्या.

९ जून

रीडसाठी साताऱ्याच्या मावशीच्या माळ्यावरची पेटी (हार्मोनियम) आणली. लाकूड वाळवीने पोखरलंय, वरची फळी बोटाने दाबली की भुगा पडतो. आतलं पितळ मात्र शाबूत. ३९ पट्ट्या, खर्ज आणि नर अशा दोन सरी, म्हणजे ७८ रीड.

चहा पिता पिता हिशेब केला तेव्हा जरा उतरलो. खर्जाची सर नरापेक्षा एक सप्तक खाली, तेव्हा एकाच स्वराची दोन रीड फक्त दोन्ही सरी एकमेकींवर येतात तिथेच मिळणार. ३९ वजा १२, सत्तावीस. ७८ रीड हातात असून बटणं सत्तावीस.

आई : "मावशीला विचारलंस ना मोडायच्या आधी?"
मी : "तिनेच दिली."
आई : "दिली वाजवायला."

१५ जून

आधीच्यांनी काय केलंय ते बघून घेतलं.

इंग्लिश पद्धत चार्ल्स व्हीटस्टनची. तोच तो, बारावीच्या फिजिक्समधल्या ब्रिजचा. (ब्रिज मुळात सॅम्युअल ख्रिस्तीचा, व्हीटस्टनने तो चलनात आणला. काँसर्टिना मात्र त्याची स्वतःची.) बटणांची ही मांडणी १८२९ च्या पेटंटमध्येच आहे. सप्तकातले स्वर एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला: सा डावीकडे, रे उजवीकडे, ग डावीकडे, असं. तानेला दोन्ही हात पाळीपाळीने धावतात, त्यामुळे वेग भन्नाट. पण स्वर सात आणि हात दोन. सात विषम, म्हणून तार (वरच्या सप्तकातला) सा उजवीकडे जाऊन पडतो आणि वरच्या सप्तकात सगळा संसार उलटा होतो. मध्य सप्तकात घोटलेली जागा तार सप्तकात दुसऱ्या हाताने. मला हे पटत नाही. रियाज एकदाच करायचा असतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. त्या जुन्या इंग्लिश काँसर्टिनांत सप्तकाला बारा नव्हे, चौदा स्वर होते. दोन काळ्या पट्ट्यांना प्रत्येकी दोन बटणं, किंचित वेगळ्या उंचीची. श्रुतींचं (बारा स्वरांतल्या बारीक भेदांचं) कुणी नाव न घेताही त्यांना दोन कोमल धैवत लागत होते.

ड्युएट पद्धतींत खालचे स्वर डाव्या हाताला, वरचे उजव्याला. मॅकनची १८८४ ची मांडणी दोनदा वाचली, दोनदा विसरलो. क्रेन पद्धत (१८९६, सॅल्व्हेशन आर्मीत हिलाच ट्रायम्फ म्हणत) बरी आहे, पण तिचा पाया पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचाच. राहिली हेडन.

२२ जून

हेडन मांडणी कळायला मला आईच्या टिकल्या लागल्या. पुठ्ठ्यावर शुद्ध स्वरांना लाल, कोमल-तीव्रांना काळ्या.

नियम एवढाच. उजवीकडच्या बटणावर गेलात की स्वर एक पूर्ण स्वर चढतो. वर उजवीकडे गेलात की पंचम, वर डावीकडे गेलात की मध्यम. ओळी अर्ध्या बटणाने सरकलेल्या असतात, खालच्या दोन बटणांच्या फटीवर वरचं बटण. आता सा रे ग एका ओळीत लावा. त्यांच्या वरच्या ओळीत आपोआप म प ध नि येतात: सा च्या डाव्या खांद्यावर म, उजव्या खांद्यावर प. आणि म-प च्या फटीवर, सा च्या बरोब्बर डोक्यावर, तार सा. पहिल्यांदा टिकल्या चिकटवून झाल्या तेव्हा मी उठून पुठ्ठा लांब धरून बघितला. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा दिसत होता.

स्विस कास्पर विकीने १८९६ मध्ये हेच पेटंट केलं होतं. ब्रायन हेडनला ते माहीत नव्हतं. त्याने स्वतंत्रपणे तेच शोधलं आणि १९८६ मध्ये पेटंट घेतलं. कित्येक वर्षांनी दुसऱ्या माणसाला तीच रांगोळी सुचते म्हणजे ती हाताला मानवत असणार.

हिची खरी ख्याती वेगळी. बटणं पुरेशी असतील तर सा कुठेही धरा, बोटांचा आकार तोच. काळी एक, पांढरी चार, काहीही. पेटीवर काळी दोनला गाणारा आला की माझ्यासारख्याला घाम फुटतो. इथे हात फक्त सरकवायचा.

२३ जून

आई टिकल्यांचं पाकीट शोधत होती.

१७ जुलै

आषाढी. संध्याकाळी घरी भजन. आईने काळी पाच लावायला सांगितली आणि दुसऱ्याच अभंगात तार मध्यमाला आवाज फाटला. मग स्वतःच म्हणाली, "चारवर घे." गेल्या वर्षीपर्यंत पाचला जायची. कुणी काही बोललं नाही, मीही पट्टी बदलून पुढचं धरलं.

रात्री वहीत लिहिलं: सा = काळी चार. तिला मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार पंचमापर्यंत पुरतं, म्हणजे पंचवीस स्वर. पेटीच्या जोड्या बघितल्या तर फक्त तार पंचम (काळी दोन) एका घराने हुकतो, त्याचं एकच रीड आहे. काळी पाच धरली असती तर वरचे तीन स्वर हुकले असते. तेव्हा पितळही काळी चारच म्हणतंय.

२८ जुलै

आज दोन हातांची वाटणी ठरली, आणि ती मी न ठरवता ठरली.

पंचवीस स्वर दोन हातांत तोडायचे कुठे? मी आधी सा वर तोडत होतो: मंद्र डावीकडे, सा पासून पुढे उजवीकडे. डावा हात बसून राहतो, उजवा मरतो. मग तीव्र म आणि प यांच्या मध्ये तोडून बघितलं. डाव्या हाताला मंद्रातलं उत्तरांग (प ते नि) आणि मध्यातलं पूर्वांग (सा ते तीव्र म). उजव्या हाताला मध्यातलं उत्तरांग आणि तारेतलं पूर्वांग. दोन्ही हातांत सारखेच बारा स्वर, एका सप्तकाच्या फरकाने, उजव्याला वर एक तार पंचम जादा. एका हाताचा नकाशा पाठ झाला की दुसऱ्याचा झालाच.

नकाशा असा:

वरची ओळ, डावीकडे सरकलेली : कोमल रे, कोमल ग, म
मधली ओळ : कोमल ध, कोमल नि, सा, रे, ग, तीव्र म
खालची ओळ, उजवीकडे सरकलेली : प, ध, नि

(कोमल रे हा कोमल ध च्या डाव्या खांद्यावर, प हा सा-रे च्या फटीखाली.)

भूप : डाव्या हाताला सा रे ग शेजारीशेजारी, उजव्याला प ध, आणि त्यांच्या वर सां रें गं (तार सा रे ग). लोण्यासारखा. यमन : नि, रे, ग, तीव्र म सगळे उजव्या अंगाला एकत्र. तोही सुखाचा. भैरव : कोमल रे एका टोकाला, ग दुसऱ्या टोकाला. बटणांमधलं अंतर १६ मि.मी. ठेवलंय, तर या दोघांत साडेचार घरं, ७२ मि.मी. आडवे. करंगळी आणि तर्जनी ताणून होतं, पण चेहऱ्यावर दिसतं.

पुठ्ठ्याचे दोन पंजे करून त्यांत हात घालून बसलो होतो. शेजारच्या मुलाने दारातून बघितलं आणि परत गेला.

दुसरा प्रश्न, उजवा नकाशा डाव्याची नक्कल करायचा की आरसा? नक्कल केली तर डोळ्यांना सोपं, आरसा केला तर बोटांना: डाव्या तर्जनीला जो स्वर, त्याचाच वरचा उजव्या तर्जनीला. वाजवताना बटणं दिसतच नाहीत. आरसा. खालच्या नोंदींतली डावी-उजवी बाजू मात्र कागदावरच्या याच नकाशाची.

११ ऑगस्ट

आठ इंची षट्कोनात, पेटीच्या लांब रीडांना धरून, एका बाजूला चौदा कप्पे बसतात. दोन बाजूंना अठ्ठावीस. पंचवीस गेले, तीन शिल्लक. या तिघांचं काय?

सा सरकवायची सोय, हे पहिलं मनात आलं. पण पंचवीस स्वरांच्या या पट्टीत सा एक घर जरी हलवला तर कडेचे स्वर खाली पडतात. तीन बटणांनी ती गळती बुजत नाही. हेडनची ख्याती मला परवडणारी नाही. ती पन्नास-साठ बटणांवाल्यांची चैन.

मग श्रुती. सा २४० धरून (आपल्याकडच्या पुस्तकी हिशेबाची सवय) बटणांवर कंपनसंख्या लिहीत गेलो. मधली ओळ: सा २४०, रे २७०, ग ३००, तीव्र म ३३७.५. पुढे ओळ वाढवली, तीव्र म च्या उजवीकडे एक बटण, तर तिथे पुन्हा कोमल ध येतो. तोच स्वर, दुसरी जागा. पेटीसारखं समान अंतर लावलं तर दोन्ही एकच. पण शुद्ध प्रमाणात? ३३७.५ ला ९/८ ने (एक पूर्ण स्वर चढायचं प्रमाण) गुणलं: ३७९.६९.

कोमल ध ३८४. अतिकोमल (कोमलहूनही जरा उतरलेला) ध ३७९.२६. अर्ध्या कंपनाइतकासुद्धा फरक नाही.

खालची ओळ तशीच: प १८०, ध २००, नि २२५, त्याच्या उजवीकडचं रिकामं घर २५३.१३. अतिकोमल रे २५२.८४. म्हणजे कोमल स्वराची प्रत्येकी जी दुसरी जागा या नकाशात आपसूक पडते, ती दुसऱ्या श्रुतीची जागा आहे. डाव्या टोकाला कोमल, उजव्या टोकाला अतिकोमल.

रात्री झोप लागली नाही, हे खरं आहे. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी आणि आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची पेटी करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली. मधल्या काळात, १९४० पासून, रेडिओने पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. तिच्या ठरलेल्या बारा स्वरांत आपले स्वर बसत नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हा आक्षेप. मींड माझ्याही यंत्रात निघणार नाही. पण तीन जादा बटणं आहेत.

तिघांची नावं: मध्य अतिकोमल रे, मध्य अतिकोमल ध, तार अतिकोमल रे. कोमल गंधाराचीही दुसरी जागा कागदावर आहे, डब्यात नाही. तोडी-दरबारीवाल्यांची माफी.

१८ ऑगस्ट

लिव्हर. दर बटणाखाली एक पितळी पट्टी, मध्ये आस, टोकाला चामड्याची गादी, ती भोक उघडते. चौदा पट्ट्या एकमेकींना न ओलांडता चौदा भोकांपर्यंत न्यायच्या. सातव्या आराखड्यात जमलं. याबद्दल जास्त लिहीत नाही.

९ सप्टेंबर

गणपती. काम बंद.

२२ सप्टेंबर

अकरा ऑगस्टची मांडणी मोडली.

पुठ्ठ्यावर भैरव "ग म रे सा" करून बघत होतो. म वरून कोमल रे ला उतरायचं तर बोट त्याच ओळीत डावीकडे जातं, वरच्या डाव्या कोपऱ्यात. पण तिथे मी लिहिलाय कोमल रे, २५६. भैरवाचा रिषभ त्याहून उतरलेला, तो मी ठेवलाय पार खाली उजवीकडे, २५३ म्हणून. कान एकीकडे बोलावतो, बोट दुसरीकडे. दोन दिवस हात मारून बघितला. वाजतं, पण म आणि रे मधला धागा प्रत्येक वेळी तुटतो.

मग उलट्या बाजूने विचार केला. त्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कोणते राग राहतात? नि, त्याच्या शेजारी कोमल रे, वर ग आणि तीव्र म. हा मारवा आहे. पूरियाही. चार बोटं एकत्र, हात न हलवता. आणि मारव्याचा कोमल रिषभ भैरवाच्या मानाने चढाच लावतात.

म्हणजे श्रुती उलट्या ठेवायच्या. डाव्या कोपऱ्यात अतिकोमल, उजव्यात कोमल. ध चंही तसंच: डाव्या कोपऱ्यात कोमल रे आणि कोमल ध एकमेकांना चिकटून आहेतच, दोघेही अतिकोमल, भैरवाचा वादी-संवादी (मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार) जोडा. तीव्र म शेजारचं जादा बटण ३८४ चं, म्हणजे ग, तीव्र म, कोमल ध सरळ ओळीत. पूरिया धनाश्री.

९/८ चा तो सुंदर हिशेब गेला. वाईट वाटलं. वहीचं पान फाडलं नाही, दुमडून ठेवलं.

पुठ्ठ्यावर दोन नावं लिहिली: भैरव कोपरा, मारवा कोपरा.

६ ऑक्टोबर

सागवानी फळीवर डाव्या हाताची चौदा भोकं पाडली. पाडून झाल्यावर उचलली, हात लावला, काहीतरी विचित्र. कागद उलटा चिकटवला होता. डाव्याची फळी आरशातली झाली.

पाच मिनिटं शांत बसलो. मग लक्षात आलं की आरशातली डावी म्हणजे उजवीच. भोकं मोजली. उजव्याला तार पंचम हवा, तो नाही. मध्य कोमल ध ची दुसरी जागा उजव्याला नको, ती आहे. एक भोक बुजवलं, एक नवीन पाडलं. बुजवलेलं बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

२० ऑक्टोबर

पालिताण्याहून रीड आली. पेटीच्या रीडसाठी नावाजलेलं गाव, आपल्याकडचे दुरुस्तीवालेही तिथूनच मागवतात. सात मागवली होती: पांढरी सहा मध्य दोन, तार दोन, पांढरी तीन दोन, आणि तार काळी दोनचं एक. पेटीतली ४९ आणि ही सात, एकूण ५६.

तपासायला छोटी पेटी केलीय, बुटांच्या खोक्याएवढी, जुन्या भात्यावर बसवलेली, दोन रीड शेजारीशेजारी लावता येतात. जिभेखाली पातळ ब्लेड सरकवायचं आणि कानसायचं. टोकाशी घासलं की स्वर चढतो, मुळाशी, रिव्हेटजवळ, घासलं की उतरतो. एकेक घासा, फुंकर, ऐका, परत. पितळेची भुकटी नखांत जाते आणि बोटांना दिवसभर नाण्यांचा वास येतो.

काळी चार सा धरून कोमल रे २२१.५, अतिकोमल २१८.८. दोन्ही एकदम सोडले तर सेकंदाला पावणेतीन हेलकावे (आवाजाचे चढउतार) पडायला हवेत. पहिल्या दिवशी चार पडत होते. अतिकोमल जास्त उतरला होता. टोक घासून वर आणला, आता मोबाइलवर मोजले तर बरोबर बसतात. ब्लेड एकदा निसटलं आणि एका जिभेवर आडवी ओरखड पडली. ते रीड आता कसंही वाजतं, पण तेच उत्तम वाजत होतं याची खात्री आहे.

२७ ऑक्टोबर

सकाळी आई देवपूजा आटपून आली तेव्हा मी दोन्ही रिषभ आलटूनपालटून लावत होतो. म्हटलं, ऐक, हा भैरवाचा, हा मारव्याचा, फरक कळतो का?

तिने दोन्ही ऐकले. परत लावायला सांगितले. मग म्हणाली, "सा कुठाय?"

सा खोक्यात लावला नव्हता. तिसऱ्या रीडला जागाच नाही. मोबाइलवर तानपुरा लावला, काळी चार.

"आता लाव. हं. आता सा लाव तुझा."

पेटीचं काळी चारचं रीड, अजून हात न लावलेलं, खोक्यात बसवलं. तानपुऱ्याशी संथ हेलकावा. चार सेकंदांना एक असेल.

"हा बघ, सा च उतरलाय," आई म्हणाली, "आणि तू रे घासत बसलायस." आणि दळण आणायला गेली.

मोजलं. २०७.४. हवा २०७.६५. ब्लेड जिभेखाली, टोकाशी दोन घासे.